इकडचा चंद्र

"उगवला का गं?" खिडकीबाहेरच्या समुद्राकडे बघत आईने पुन्हा विचारलं.

डेन्मार्कमधल्या या किनाऱ्यावरच्या गावात मासे नसलेलं जेवण दोघी बसल्या होत्या त्या एकाच हॉटेलात मिळत होतं, आणि तिथलं स्वयंपाकघर नऊला बंद होणार होतं. आईची संकष्टी होती, लेकीच्या जन्मापासून तिच्यासाठीच धरलेली. चंद्रोदय दहाला होता. खगोलशास्त्र शिकवणाऱ्या लेकीला ते सकाळपासून ठाऊक होतं. पण दिवसभर फिरून तिला सडकून भूक लागली होती, आणि आईला उपाशी बसवून एकटीने जेवणं जमत नव्हतं.

"उगवला. ढगामागे आहे."

"तू म्हणतेस म्हणजे झालं. माझ्या पंचांगात हे गाव कुठलं असायला!" आईने ढगांना हात जोडले आणि सूपमध्ये पाव बुडवला. लेकीच्या बशीतलं अर्धं जेवण तसंच राहिलं.

जेवून दोघी किनाऱ्याने मुक्कामाकडे निघाल्या. वाटेत ढग पांगले आणि समोर पाण्यातून तांबूस चंद्र वर येऊ लागला. लेक जागीच थबकली.

"इकडे दोनदा उगवतो वाटतं," आई म्हणाली. मग तिने पुन्हा हात जोडले आणि डोळे मिटूनच विचारलं, "तुझं पोट तरी भरलं का?"