मुखवट्याचं गाऱ्हाणं

"गुरुदासबाब, गाऱ्हाण्यात कोणाचं नाव घेऊ नका हां," विनोदिनीबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. डिचोलीच्या या संग्रहालयाच्या त्या प्रमुख. त्यांना आज नुसता शिगमो हवा होता. गावातली सगळी घरं पोराबाळांसकट यावीत, पोरांनी कमरेला कागदाचे घोडे बांधून नाचावं, गुलाल उडावा, बस्स. घरं आली होती. पोरं घोडे बांधून तयार होती. पण मोठी माणसं आधी काचेच्या पेटीकडे बघत आणि मग दाराशी उभ्या बाबलीकडे.

पेटीतला देवाचा पितळी मुखवटा गावच्या मांडावरचा, म्हणजे शिगम्याला गाव जमतं त्या जागेचा. गोवा घटक राज्य झालं त्या साली संग्रहालय उघडलं, तेव्हा गावाने तो इथे ठेवायला दिला. अट एकच. शिगम्याला तो बाहेर काढायचा आणि गावाने त्याच्यासमोर नाचायचं. परवा काढायला गेले तर हाताला हलका लागला. पत्र्याचा! वरून पिवळा रंग. कोणीतरी खरा नेला होता आणि हा सोंगाड्या मागे ठेवला होता. तो अजून पेटीतच होता, हसत.

बाबली इथला रखवालदार. दोडामार्गचा, म्हणजे हद्दीपलीकडचा. किल्ल्या त्याच्या कमरेला. मग आणखी काय हवं? दर साली शिगम्याआधी मुखवटा मांडकऱ्याच्या, म्हणजे गाऱ्हाणं घालणाऱ्या गुरुदासांच्या घरी जायचा, चिंचेने घासून लख्ख व्हायचा, फडक्यात बांधून परत यायचा. यंदाही गुरुदासांच्या मुलाने, रुद्रेशने, तो नेला आणि स्वतःच आणून पेटीत ठेवला. पण मांडकऱ्याच्या घरावर कोण संशय घेणार? जीभ झडेल तसं बोलणाऱ्याची.

विनोदिनीबाई पोलिसांत जायचं म्हणत होत्या. गाव म्हणालं, आधी देवाक घालूया, मग काय तें पोलीस.

"घाला देवाक," बाबली म्हणाला होता. "माझी हरकत नाय." बोलताना त्याने कमरेच्या किल्ल्या मात्र मुठीत दाबून धरल्या होत्या, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

देवाला घालणं, म्हणजे चोराची शिक्षा देवाच्या हाती सोपवणं, हा खेळ नव्हे. गुरुदासांनी चाळीस वर्षांत ते एकदाच केलं होतं, नारळांच्या चोरीसाठी. ठरलेले शब्द होते, ते उच्चारले. ज्याने नारळ चोरले त्याच्या घराला आज कवाड नाही, आत वडाचं रोप वाढलंय. त्यानंतर गुरुदासांना कित्येक दिवस जेवण गेलं नव्हतं. आणि गाऱ्हाण्याचा नियम इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. ज्याच्या पोटात पाप आहे त्याने म्हटलं, तर ते त्याच्यावर दुप्पट उलटतं.

गुरुदासांनी विड्याची पानं मांडली. नारळ ठेवला. समोरच्या रांगेत त्यांची नात, रुद्रेशची मुलगी स्नेहा, कागदी घोड्याचे कान सारखे करत होती. तिच्याकडे बघून ते हसले. मग त्यांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वाड्यांच्या म्हाराजा! आज आमी लेकरां-बाळांसकट तुज्या पायाकडे जमलंव!"

"होय म्हाराजा!" दालन दणाणलं.

"तुजो मुखवटो हंयसून गेलो म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जेणी कोणी तो न्हेलो, तो घरचो आसो वा भायलो, तेका तू वळखतस म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" बाबलीचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. फाटका, रडवेला, पण वर. माणसं चपापली.

आणि गुरुदासांच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाबलीमुळे नव्हे. वीस वर्षं प्रत्येक गाऱ्हाण्याला त्यांच्या उजव्या खांद्यामागे ढोल घेऊन रुद्रेश उभा राही. त्याचा 'होय म्हाराजा' थेट त्यांच्या कानात शिरे. आता तिथून नुसता श्वास आला.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. उघडायची छातीच झाली नाही. गेल्या आठवड्यात दारात आलेली नवी मोटारसायकल त्यांना आठवली. खाणीवर जादा काम केलं, असं पोरगा म्हणाला होता. यंदा मुखवटा घासायला त्याने आईला हात लावू दिला नव्हता, तेही आठवलं. अरे देवा! किती साधं होतं, आणि किती उघड्यावर.

आता शेवटचे शब्द राहिले होते. ठरलेले. 'तेच्या घरात दिवो लावपाक कोण उरू नये.' चाळीस वर्षांपूर्वी बापाने शिकवलेले. ते बदलता येत नाहीत आणि गाऱ्हाणं अर्धं सोडता येत नाही. अर्धं सोडलं तर ते सगळ्या गावावर बसतं. समोर कागद खुसखुसला. स्नेहाच्या घोड्याचा कान.

कोणाचं तरी तान्हं मूल कुरकुरलं, आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"बोला गुरुदासबाब," मागून कोणीतरी म्हणालं. "शेवटचां बोला. सोडू नका तेका."

बाबलीने भिंतीला पाठ टेकली. गाऱ्हाणं आटपलं की पोलीस त्यालाच न्यायचे होते.

गुरुदासांनी नारळ दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी गाऱ्हाण्याचे शब्द बदलले.

"जेणी ह्यां केलां, तेच्या घरादाराक, लेकरा-बाळाक हात लावू नको म्हाराजा! जां काय आसात तां तेच्या बापाशीच्या माथ्यार पडांदे! आज, आत्ता!"

शब्द वेगळे आहेत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने शंभर तोंडं एकदम उघडली.

"होय म्हाराजा!"

ढोल फरशीवर आदळला, आणि त्या आवाजातून एकच किंकाळी वर आली.

"नको, बाबा!"