आईची चार पानं

झोर्नित्साच्या प्रबंधातली चार पानं वीस वर्षांपूर्वीच्या एका जुन्या प्रबंधाशी शब्दन् शब्द जुळली, म्हणून विद्यापीठाच्या चौकशी समितीनं तिला बोलावलं.

"कुठून उतरवलीस?" प्राध्यापक स्तोइमेनोव्हांनी विचारलं.

"घरी ट्रंकेत सापडली, सर. आईच्या हातची आहेत. कोतेल गावातल्या विणकर बायकांच्या गाण्यांवर लिहीत होती. चौथ्या पानावर वाक्य अर्ध्यातच तुटलंय. मावशी म्हणते, माझा जन्म झाला आणि तिचं शिक्षण राहिलं. मी चार वर्षांची असताना ती गेली. वाटलं, तिचं राहिलेलं आपण पुरं करावं."

"आईचं नाव?"

"राडोस्तिना कोलेवा."

स्तोइमेनोव्हांनी समोरचा तो जुना, जाडजूड प्रबंध तिच्याकडे सरकवला.

"आईचं असलं, तरी नाव न देता घेतलंस, मुली. हे सत्र पुन्हा करावं लागेल."

"करते, सर."

तिनं पहिलं पान उघडलं. आईचं नाव, खाली तारीख. झोर्नित्साच्या दुसऱ्या वाढदिवसानंतरची. मग शेवटचं पान काढलं. पान क्रमांक एकशे ब्याऐंशी.

"सर," तिनं हळूच विचारलं, "म्हणजे मी झाल्यावरही तिनं प्रबंध पुरा केला होता?"