टाक्यांचं दुखणं

चोमा गावच्या इस्पितळात एकाच सकाळी दोघींची पित्ताशयं काढली. बाविशीतल्या चांदाचं दुर्बिणीतून, चार बारीक भोकं पाडून. सत्तरीच्या नाम्विंगा आजींचं सुजून चिकटलेलं होतं, म्हणून बरगडीखाली वीतभर कापून. सिस्टर मुटिंटाला घोर होता तो आजींचा.

पण आजी दुसऱ्याच दिवशी वऱ्हांड्यात ताठ चालल्या, मक्याची न्शिमा मागून जेवल्या. "दुखत नाही?" विचारलं, तर म्हणाल्या, "कुठं काय?"

चांदा मात्र उशीत तोंड खुपसून कण्हत राहिली. भोकं सुकत आली होती. डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी केली, तीही स्वच्छ.

"नेमकं कुठं दुखतंय, बाळा?" मुटिंटाने विचारलं.

चांदाने बरगडीखाली वीतभर तिरकी रेघ ओढली. "टाके ओढतात."

"तिथं टाके नाहीत गं."

"माहीत आहे. मी गुंगीत होते, तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, 'पोरी, एवढं धर जरा, मी आलेच.' म्हातारं माणूस, नाही कसं म्हणायचं? धरलं."

मुटिंटाने शेजारच्या खाटेकडे पाहिलं. आजींना दुपारीच मुलगा घरी घेऊन गेला होता.

"सिस्टर," चांदाने हळूच विचारलं, "त्या कधी येतील?"