हाराखालचा चेहरा

"वाच की बाय. आमच्या मालकास्नी काय काय करायला लावलंयस, कळू दे तरी," असं म्हणून सुलाबाई उंबऱ्यावर ऐसपैस बसली. हळदीच्या वखारीतून ती आत्ताच आली होती. भुवयांपर्यंत पिवळी झाली होती.

कृष्णाकाठच्या या वस्तीत संयोगिता वर्षभर कॅमेरा घेऊन हिंडत होती. फोटो खरे काढायची, त्याखाली गोष्ट मात्र मनची लिहायची. आता सांगलीत प्रदर्शन भरणार होतं. ज्याच्या घरचा फोटो त्याला आधी गोष्ट वाचून दाखवायची, नको म्हणाला तर काढून टाकायची, असा तिचा शिरस्ता होता.

सुलाबाईकडचा फोटो भिंतीवरच्या तसबिरीचा होता. तसबिरीला हार, काचेवर गंधाचा टिळा आणि आत नुसता कोरा कागद. तिचा नवरा अर्जुना वारला त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात घरात पुराचं पाणी शिरलं आणि त्याचा एकुलता एक फोटो धुऊन गेला. सुलाबाईनं तो कागद उन्हात वाळवून पुन्हा चौकटीत घातला. शेजारणींनी तिला वेड्यात काढलं. टिळा कुठं लावायचा ते तिच्या बोटाला पाठ होतं. पण अलीकडे तो चेहरा तिलाही आठवेनासा झाला होता आणि त्याचंच तिला फार भ्या वाटत होतं. हे सांगणार कुणाला?

संयोगिता वाचू लागली. गोष्टीतला अर्जुना आटपाडीकडची मेंढरं विकून शहरात आला होता. दिवसभर बाजारात पोती उचलायचा, येताना बायकोला पेरू आणायचा. सुलाबाई मान डोलवत होती.

"झुपकेदार मिशीला पीळ देत तो दारातूनच हाक मारायचा..."

"आगं थांब! त्यास्नी मिशी कुटली गं?"

संयोगिता ओशाळली. "चुकलं मावशी. मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. खोडते हं."

सुलाबाईचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

"मिशी येतच न्हवती त्यास्नी. आसंल नसंल चार केसं. समदे हमाल चिडवायचे. मग घरात आरशाम्होरं हुबं ऱ्हाऊन तीच केसं पिळायचे, अन् मला इचारायचे, 'दिसतिया का गं?' मी म्हनायची, 'आवं, लय दिसतिया!'"

ती खुदकन हसली आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

"दिसले गं बाय. आत्ता दिसले. व्हट, हनुवटी, समदं त्वांड दिसलं."

संयोगितानं मिशीवर काट मारायला पेन टेकवलं, तोच सुलाबाईनं तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. जलमभर हौस हुती त्यास्नी."

मग ती उठून तसबिरीपाशी गेली. हार कागदाच्या मधोमध आला होता. दोन्ही हातांनी तिनं तो खाली ओढला, दोन पावलं मागं सरून निरखून पाहिलं.

"हां," ती म्हणाली, "आता मिशी झाकत न्हाई."