रविवारचा फोन

दौंडजवळच्या त्या निवासी कॉलेजात नीटची तयारी करणाऱ्या मुलींना रविवारी दुपारी रेक्टरबाईंच्या मोबाइलवरून घरी बोलता यायचं. निमोणे गावची प्रतीक्षा सकाळपासून एकच वाक्य मनात घोकत होती. टेस्टमधले मार्क घसरत चालले होते, झोप उडाली होती, घास घशाखाली उतरत नव्हता.

तिचा नंबर आला.

“आई, मला घेऊन जा. मला न्हाई जमत हितं.”

पलीकडून आईनं विचारलं,

“पोरी, नंबर हॉस्टेलचाच दिसतोय, पण तू कोण हायेस?”

“अगं, मी प्रतीक्षा!”

“प्रतीक्षा तर सकाळीच घरी आली. तिच्या पप्पांनी आणली गाडीवर. ही काय, माझ्यापशी बसून जेवतीया.”

प्रतीक्षानं मोबाइल कानाशी घट्ट दाबला. “आई, माझा आवाज वळखू येईना का तुला?”

तेवढ्यात पलीकडून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, तोंडात घास असल्यासारखा.

“कुणाचा फोन हाय गं, आई?”

“कुणाची तरी लेक हाय. लई रडतीया बिचारी.”

“तिथं समद्याच रडत्यात,” तो आवाज म्हणाला. “ठेव तू.”

आईनं फोन ठेवला.