दोऱ्याचं टोक

फौजदारबाईंनी खाकी शर्ट आणि तुटलेलं बटण काउंटरवर ठेवलं. "गजाभाऊ, हातानंच लावून द्या."

"माझ्या भागीदाराच्या खुनाचं प्रकरण पुन्हा उकरून काढलंत म्हणे?" गजाभाऊ टेलर हसले. "अहो, प्रेत गोणीत शिवून उसात टाकलेलं. इतक्या वर्षांनी काय हाती लागणार?"

बाईंनी बटण त्यांच्याकडे सरकवलं. ती गोणी ठाण्यात जपलेली होती. तिच्या शिवणीच्या दोऱ्यावर वाळलेली थुंकी प्रयोगशाळेला परवाच सापडली होती. आता ती कुणाची, एवढंच ठरायचं होतं.

गजाभाऊंनी सवयीनं दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, सुईत ओवलं. बटण घट्ट बसवून कात्री उचलली.

"दोरा कापू नका," बाई म्हणाल्या. "सुईसकट द्या. गोणीचं तोंड कुणी शिवलं, ते हाच सांगेल."