गायीच्या कानातला बिल्ला

माह्या सातही नातवाईची शपथ, शब्दन् शब्द खरा हाय. दुर्गजवळच्या रुआबांधा गावात रुक्माची दुभती गाय पोट फुगून आडवी पडली, जीभ बाहेर काढून कन्हत होती. दुर्गचा जनावराईचा डॉक्टर आपरेशनचे तीनशे घ्यायचा. रुक्माचा नवरा लहानू, पोलादाच्या प्लांटातला फिटर, खाटेवरून उठेना. "मेली तं विम्याचे दोन हजार येतीन. इलाजाले विमावाले छदाम देत नाही." "अन् वाचली तं?" "तं तीनशे गेले." विमावाल्यानं गायीच्या कानात पितळेचा बिल्ला ठोकला होता, बिल्ला नाही तं पैसा नाही, असं बजावलं होतं. रुक्मानं नवऱ्याचीच पक्कड घेतली, कटकन बिल्ला तोडला अन् विहिरीत फेकला. "आता मेली तं फुकट मेली. आणा डॉक्टर." लहानू अनवाणी दुर्गपर्यंत पळत गेला अन् गाय वाचली. खोटं एवढंच: अनवाणी पळत नाही, लहानू सायकलीनं गेला, रस्ताभर रुक्माले शिव्या देत.